पुराणकथा आणि लोककथांतील दुष्ट आई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘दुष्ट आई’ या नावाखाली नेमके कोण येते?

सर्वसाधारण बोलण्यात सावत्र मुलांना छळणारी बाई, पोटच्या मुलांचा जीव घेणारी राणी आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरणारी राक्षसी या सगळ्यांना एकाच नावाने ओळखले जाते, आणि बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो. लोककथांचे अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांनी तयार केलेल्या कल्पनाबंधांच्या, म्हणजे कथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांच्या, सूचीत क्रूर आई आणि क्रूर सावत्र आई यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत, तर राक्षसगणांचा विभाग आणखी निराळा आहे. ही विभागणी सूचीकाराच्या सोयीपुरती नाही. पोटच्या मुलाला मारणारी आई मुख्यतः महाकाव्यांत आणि शोकांतिकांत भेटते. सावत्र आईचे राज्य घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथांवर चालते. बालघातक राक्षसीचा वावर मंत्र, ताईत आणि वैद्यकाचे ग्रंथ यांत अधिक असतो. तरीही या तिघींना जोडणारी एक गोष्ट आहे. कथा जसजशी पुढे सांगितली जाते तसतसा दोष एका व्यक्तीवरून दुसरीवर सरकतो, आणि तो कोणाकडून कोणाकडे सरकला हे तपासल्याशिवाय या आयांविषयी ठाम मत देणे उतावळेपणाचे ठरते.

भारतीय पुराणकथांत स्वतःच्याच मुलांचे वाईट करणारी आई आहे का?

आहे. तिचे नाव कद्रू, आणि तिची कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. कद्रू आणि विनता या दोघी बहिणी, दोघीही कश्यपाच्या पत्नी. उच्चैःश्रवा या घोड्याच्या रंगावरून त्यांच्यात पैज लागते: घोडा पूर्ण पांढरा आहे असे विनता म्हणते, शेपूट काळे आहे असे कद्रू म्हणते, आणि जी हरेल तिने दुसरीची दासी व्हायचे असे ठरते. पैज जिंकण्यासाठी कद्रू आपल्या मुलांना, म्हणजे नागांना, काळ्या केसांचे रूप घेऊन घोड्याच्या शेपटीला चिकटण्याची आज्ञा करते. जे या कपटाला तयार होत नाहीत त्यांना ती शाप देते की, जनमेजयाच्या सर्पसत्रात अग्नी तुम्हाला जाळील. आईची आज्ञा मोडली म्हणून आईनेच दिलेला मृत्यूचा शाप, तोही खोटेपणात साथ दिली नाही म्हणून: दुष्टपणाचे इतके उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणखी विचित्र भाग असा की, ब्रह्मदेव हा शाप ऐकून त्याला संमती देतो, कारण नागांची संख्या फार वाढली आहे आणि त्यांचे विष प्राणिमात्रांना घातक आहे. कद्रूच्या रागाला अशा रीतीने विश्वाच्या हिताची मोहोर मिळते, आणि तिला शिक्षा होत नाही.

शेजारीच विनता आहे. कद्रूची हजार अंडी फुटून मुले बाहेर आली, आपली दोन अजून तशीच आहेत, या अधीरतेने ती एक अंडे आधीच फोडते. आतून अर्धवट वाढलेला अरुण बाहेर येतो आणि आईला दास्याचा शाप देतो. एका कथेत आई मुलांना शाप देते, दुसरीत मुलगा आईला. पण लोकांच्या मनात विनता बिचारी म्हणून राहिली आणि कद्रू कपटी म्हणून. हेतूचा हा फरक महाभारत बारकाईने जपते.

गंगेने सात मुले नदीत सोडली, तिला दुष्ट का म्हणत नाहीत?

कारण कथा आपल्याला कारण सांगते. ती मुले म्हणजे शापित वसू, आणि जन्मताच मुक्त करण्याचे वचन गंगेने त्यांना दिलेले असते. शंतनूला हे माहीत नसते, म्हणून आठव्या मुलाच्या वेळी तो तिला अडवतो आणि मुलांचा घात करणारी म्हणून तिची निर्भर्त्सना करतो. शंतनूच्या जागी उभे राहून पाहिले तर कृत्य तेच आहे. आईच्या मनात काय होते हे सांगायचे की झाकून ठेवायचे, याचा निर्णय निवेदकाच्या हाती असतो, आणि दुष्टपणाचा निम्मा निवाडा तिथेच होऊन जातो.

मिडियाने आपल्या मुलांना मारले, हे मूळ कथेतच आहे का?

बहुधा नाही, निदान तो एकच पाठ नव्हता. आज आपण जी मिडिया ओळखतो ती युरिपिडीसच्या नाटकातली आहे. हे नाटक इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सच्या उत्सवात सादर झाले आणि युरिपिडीसच्या त्या वर्षीच्या नाट्यसंचाला स्पर्धेत तिसरे स्थान मिळाले. त्यात पती जेसनने कॉरिंथच्या राजकन्येशी दुसरे लग्न ठरवल्यावर मिडिया त्याला निर्वंश करण्यासाठी दोन्ही मुलांना ठार करते आणि सूर्याच्या रथातून निघून जाते.

पौसानिअस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक कॉरिंथचे वर्णन करताना वेगळीच हकीकत नोंदवतो. तिथल्या परंपरेनुसार मुलांना कॉरिंथच्या लोकांनी दगडांनी ठेचून मारले, कारण राजकन्येचा जीव घेणारी विषारी भेट त्यांच्या हातून पोहोचली होती. त्यानंतर नगरातली तान्ही मुले मरू लागली, देववाणीने सांगितल्यावरून मृत मुलांसाठी वार्षिक विधी सुरू झाले, आणि भयानक चेहऱ्याच्या स्त्रीची एक मूर्ती उभारली गेली, जी पौसानिअसच्या काळातही जागेवर होती. रोमनांनी शहर उद्ध्वस्त करेपर्यंत कॉरिंथची मुले या दोघांसाठी केस कापत आणि काळी वस्त्रे नेसत, असेही तो लिहितो. त्याने दिलेल्या आणखी एका पाठात मिडिया मुलांना हेरा देवीच्या मंदिरात लपवते, ती अमर होतील या आशेने, आणि तिचा अंदाज चुकतो.

म्हणजे एका पाठात गाव दोषी, दुसऱ्यात आईची फसलेली आशा, आणि तिसऱ्यात आई स्वतः. दोष आपल्यावरून हटवण्यासाठी कॉरिंथकरांनी युरिपिडीसला पैसे चारले, असा प्रवादही प्राचीन टीकाकारांनी नोंदवला आहे. त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, पण असा प्रवाद निर्माण व्हावा यावरून त्या काळच्या लोकांनाही हा बदल खटकला होता एवढे कळते. पतीवरचा सूड मुलाच्या रक्ताने घेणारी आई ग्रीकांना मात्र नवीन नव्हती: प्रोक्नी आपल्या इटिसला मारून त्याचे मांस नवऱ्याला वाढते, आणि दूर उत्तरेकडच्या नॉर्स काव्यात गुद्रून आपला नवरा अत्ली याच्या बाबतीत तेच करते.

लोककथांत दुष्ट बाई नेहमी सावत्र आईच का असते?

नेहमी नसते; अनेकदा ती मागाहून सावत्र केली गेली आहे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे: बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी अशी इच्छा धरणारी आणि तिचे काळीज आणायला शिकाऱ्याला पाठवणारी स्त्री एकच. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणात मरते आणि राजा दुसरे लग्न करतो. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून द्यायला नवऱ्याला भाग पाडणारी बाईही सुरुवातीला आईच होती. ती सावत्र झाली १८४० च्या चौथ्या आवृत्तीत. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत असे संस्कार होत राहिले. संग्रह मुलांच्या हाती आणि घराघरांत जाऊ लागला होता, आणि मातृत्वाची पवित्र प्रतिमा शाबूत राखणे संपादकांना आवश्यक वाटले.

यावरून सावत्र आई ही संपादकांचीच निर्मिती आहे असे समजणे मात्र चूक होईल. तिच्यामागे खरे जग होते. बाळंतपणात स्त्रिया मोठ्या संख्येने मरत, पुरुष लवकर दुसरे लग्न करत, आणि घरात दोन आयांची मुले एकाच धान्यावर आणि एकाच वारशावर वाढत. दुष्काळाच्या कथेत कोणाचे पोट आधी भरायचे हा प्रश्न अक्षरशः जीवनमरणाचा असतो. ग्रिम बंधूंनी जुन्या, ओळखीच्या सावत्र आईला फक्त आणखी काही घरांत नेऊन बसवले.

ही फक्त युरोपातली गोष्ट आहे का?

मुळीच नाही. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चेंगशीने लिहून ठेवलेल्या ये श्येनच्या कथेत सावत्र आई मुलीचा लाडका मासा मारून खाते, आणि त्याच्या हाडांतून मुलीला हवे ते मिळू लागते. सिंड्रेलाच्या कथेचे हे सर्वांत जुन्या लिखित रूपांपैकी एक. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून दूर करणारी सुरुची आपल्याला परिचितच आहे, आणि गंमत अशी की तिच्या टोचून बोलण्याशिवाय ध्रुव तपाला गेलाच नसता. सतराव्या शतकात नेपल्सच्या बासीलेने लिहिलेल्या सिंड्रेलाच्या पाठात तर मुलगी स्वतःच पेटीचे झाकण मानेवर आपटून सावत्र आईला मारते, तेही आपल्या लाडक्या शिक्षिकेच्या सांगण्यावरून. मग ती शिक्षिका सावत्र आई होऊन येते आणि पहिलीपेक्षा वाईट निघते. सावत्र आईचा दुष्टपणा तिच्या स्वभावात असतो की तिच्या जागेत, हा प्रश्न इतक्या खोडसाळपणे क्वचितच कोणी विचारला असेल.

तान्ह्या मुलांना मारणाऱ्या राक्षसी कुठून आल्या?

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मूल का दगावते याचे उत्तर कोणाहीपाशी नव्हते, त्या काळातून. मेसोपोटेमियाची लमश्तू ही देव अनूची मुलगी. सिंहाचे डोके, गाढवाचे दात, लांब बोटे, आणि स्तनांशी एक कुत्र्याचे व एक डुकराचे पिल्लू. ती गर्भवतीच्या पोटाला सात वेळा स्पर्श करते असे मंत्रांत म्हटले आहे. तिला हाकलण्यासाठी पझूझू या दुसऱ्या भयानक दैत्याचे डोके ताईत म्हणून वापरत, म्हणजे एका वाईटावर दुसऱ्या वाईटाचा उतारा. तिच्या ताइतांवर कोरलेली फणी आणि चाती पाहून मात्र थबकायला होते. ही तर घरातल्या कोणाही बाईची साधने.

ग्रीकांची लामिया मुळात एक राणी होती; देवांचा राजा झ्यूस याचे तिच्यावर प्रेम जडले म्हणून त्याची पत्नी हेरा हिने तिची मुले मारली, आणि त्या दुःखात ती इतरांची मुले पळवू लागली. तिला झोपही येईना, तेव्हा झ्यूसने तिला डोळे काढून ठेवण्याची सोय दिली, असा तपशील येतो. मध्ययुगीन ज्यू परंपरेतील लिलिथच्या कथेतही, आदमला सोडून गेलेली ती परत यायला नकार देते तेव्हा तिची शंभर मुले दररोज मरतील असे तिला बजावले जाते, आणि तीन देवदूतांची नावे लिहिलेला ताईत जिथे असेल तिथल्या बाळाला हात लावणार नाही असे वचन ती देते. दोघींच्या मागे मेलेली मुले आहेत. मुलाचा मृत्यू आधी, राक्षसीपण नंतर, हा क्रम या कथांत वारंवार दिसतो आणि तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत स्कंद आणि नैगमेष यांच्याबरोबर शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना आणि मुखमंडिका ही स्त्रीरूपे येतात, आणि प्रत्येकीची लक्षणे व उपचार वेगळे दिले आहेत. भागवतातल्या पूतनेला हा वैद्यकीय संसारही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पूतनेला आईची गती मिळाली, असे का म्हणतात?

भागवताच्या दहाव्या स्कंधात पूतना सुंदर स्त्रीचे रूप घेऊन नंदाच्या घरी येते, विष लावलेला स्तन बाळकृष्णाच्या तोंडात देते, आणि तो दुधाबरोबर तिचे प्राणही शोषून घेतो. गोकुळातले लोक तिचे प्रचंड शरीर तोडून जाळतात तेव्हा चितेच्या धुराला अगुरूचा सुगंध येतो. मारण्याच्या हेतूने का होईना, तिने दूध पाजले, म्हणून तिला आईला शोभेल अशी गती मिळाली, असे भागवत म्हणते. भक्तिपरंपरेने या प्रसंगातून देवाची करुणा वाचली. मला त्यात कृतीचे वजनही दिसते: हेतू विषाचा असला तरी पाजण्याच्या कृतीला स्वतःचे पुण्य आहे, अशी ही कल्पना. गंगेच्या बाबतीत हेतूने कृतीला सोडवले होते. इथे कृती हेतूला सोडवते.

मुले खाणारी राक्षसी मुलांची रक्षणकर्ती कशी होते?

हारीतीची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. ही यक्षिणी राजगृहातली मुले पळवून खात असे आणि स्वतः पाचशे मुलांची आई होती. बुद्धाने तिचा सर्वांत धाकटा, लाडका मुलगा आपल्या भिक्षापात्राखाली लपवला. ती वेड्यासारखी शोधत बुद्धाकडे आली, तेव्हा त्याने विचारले की, पाचशेंतला एक हरवला तर तुझी ही अवस्था, मग ज्यांना एकच मूल होते त्यांचे काय झाले असेल? तिने हिंसा सोडली. पण आता माझी मुले काय खातील, हा तिचा प्रश्न उरलाच, आणि विहारांतून तिला व तिच्या मुलांना रोज अन्न दिले जाईल असे ठरले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, विहारांच्या ओसरीवर किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात मूल घेतलेली हारीती असे आणि तिच्यापुढे नैवेद्य ठेवला जाई. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आपला पती पांचिक याच्याबरोबर बसलेली आजही पाहता येते.

महाभारताच्या सभापर्वातली जरा याच जातीची. दोन राण्यांना झालेली अर्ध्या-अर्ध्या बाळाची शकले चव्हाट्यावर टाकली जातात, ही राक्षसी ती उचलते, न्यायला सोपे जावे म्हणून जोडते, आणि मूल जिवंत होऊन रडू लागते, तो जरासंध. ती बाळ खात नाही, राजाला परत देते, आणि आपण गृहदेवी आहोत, भिंतीवर आपले मुलांसह चित्र काढणाऱ्या घराची भरभराट होते, असे सांगते. चित्र काढले नाही तर क्षय होतो, हेही ती सांगायला विसरत नाही. रक्षण आणि धमकी एकाच वाक्यात.

राक्षसांची आई आपोआप दुष्ट ठरते का?

बाबिलोनच्या सृष्टिकथेत तियामत ही देवांची आदिमाता. धाकट्या देवांच्या गोंगाटाने त्रासून तिचा पती अप्सू त्यांना मारायचे ठरवतो, तेव्हा ती त्याला विरोध करते. आपण जन्माला घातलेले आपणच का नष्ट करावे, असे विचारते. अप्सू मारला गेल्यावर आणि तिला चिथावले गेल्यावर ती राक्षसांची सेना उभी करते, आणि देवांचा वीर मर्दुक तिला मारून तिच्या शरीराचे दोन भाग करून आकाश व पृथ्वी घडवतो. विजेत्याच्या बाजूने सांगितलेल्या कथेतही तिचा पहिला नकार शिल्लक राहिला आहे. इंग्रजी वीरकाव्यातील ग्रेन्डेलच्या आईला नावसुद्धा नाही, आणि तिचा अपराध मुलाच्या हत्येचा सूड हा आहे. त्या काव्यातले सन्मान्य वीरही हेच करतात.

मानसशास्त्राचे यावर काय म्हणणे आहे?

मानसशास्त्रज्ञ युंगने मातेच्या आदिम प्रतिमेला प्रेमळ आणि भयंकर अशा दोन बाजू मानल्या आणि कालीचे उदाहरण दिले. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९७६ मध्ये असे मांडले की, रागावणारी आई आणि माया करणारी आई एकच आहे हे लहान मुलाला सोसत नाही, म्हणून सावत्र आईची कथा त्याला उपयोगी पडते: राग तिच्यावर काढता येतो आणि चांगली आई सुरक्षित राहते. युक्तिवाद आकर्षक आहे, पण हिमगौरीच्या आईला सावत्र केले ते मुलांनी नाही, प्रौढ संपादकांनी केले. ऐकणाऱ्याच्या मनात कथा का टिकते हे मानसशास्त्र सांगू शकेल. ती अशीच का घडली हे त्यातून कळत नाही.

बापाचे अपराध कुठे जातात?

ते कथेतच असतात; फक्त त्यांना वेगळे नाव मिळत नाही. हॅन्सेलचा बाप दोनदा मुलांना रानात सोडून येतो आणि शेवटी मुले त्याच्या गळ्यात पडतात. बायको तोवर मेलेली असते. अ‍ॅगॅमेम्नॉन जहाजांना वारा मिळावा म्हणून आपली मुलगी इफिजिनिया हिचा बळी देतो. ऐतरेय ब्राह्मणातला अजीगर्त आपला मुलगा शुनःशेप याला शंभर गाईंना विकतो, यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधण्याचे आणखी शंभर घेतो, आणि स्वतः मारायला तयार होऊन पुन्हा शंभर घेतो. त्या कथेत बापाने थोरला आणि आईने धाकटा आपल्याकडे ठेवला, म्हणून मधला गेला. अजीगर्ताला शुनःशेप शेवटी नाकारतो, हे खरे. परंतु ‘दुष्ट बाप’ असा प्रकार कथापरंपरेने त्याच्यावरून घडवला नाही.

दुष्ट आईला शिक्षा होते का?

घरगुती कथांत होते, आणि निर्दयपणे. हिमगौरीच्या राणीला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, ये श्येनच्या सावत्र आईवर उडते दगड येऊन आदळतात. फ्रेंच कथाकार पेरोची सिंड्रेला मात्र सावत्र बहिणींना क्षमा करते. शोकांतिकांत मिडिया सुटते, महाकाव्यात कद्रू सुटते.

दुष्टपणा आईकडून मुलीकडे जातो, असे कथा म्हणतात का?

वाल्मीकिरामायणात सुमंत्र तसे स्पष्ट बोलतो. अयोध्याकांडात तो कैकेयीला तिच्या आईची गोष्ट ऐकवतो: तिच्या वडिलांना सर्व प्राण्यांची बोली समजे, पण ते रहस्य सांगितले तर त्यांचा मृत्यू ठरलेला होता. एकदा ते असेच काही ऐकून हसले, आणि तुम्ही जगा वा मरा, मला कारण सांगा, असा हट्ट राणीने धरला. राजाने तिला घालवून दिले. मुलगे बापावर जातात आणि मुली आईवर, असे म्हणून सुमंत्र कैकेयीचा हट्ट तिच्या माहेरी नेऊन सोडतो. मंथरेवर दोष टाकणारे वाचक तो आणखी एका बाजूला नेतात. स्वतः भरत आईला मारायलाही निघाला असता. मातृघातकी म्हणून राम माझा तिरस्कार करील, एवढ्यासाठीच थांबतो, असे तो शत्रुघ्नाला सांगतो. आणि चित्रकूटाहून निरोप देताना राम शत्रुघ्नालाच आपली व सीतेची शपथ घालून बजावतो की, कैकेयीमातेला जप, तिच्यावर रागावू नकोस.